कमरेएवढं कुंपण

आमचे भाऊजी रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिवा लागला की थांबतात. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, कुत्रंसुद्धा नाही, आणि हे सायकलचा ब्रेक दाबून, एक पाय फुटपाथला टेकवून हिरव्याची वाट बघत उभे. मी एकदा मागे कॅरिअरवर बसले होते. म्हटलं, "अहो भाऊजी, कोण बघतंय इथे?" तर म्हणाले, "दिवा बघतोय ना."

मी त्यांची मेहुणी. धंदा शिवणाचा, जीभ कात्रीसारखी, असं ताई म्हणते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. तिच्या संसाराला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत भाऊजींनी साबणाच्या नव्या वडीवर तारीख घालायचं एकदाही चुकवलेलं नाही. दुसरा कप चहा हवा असेल तर अजूनही विचारतात, "मिळू शकेल का?" ताई म्हणते, अर्ज नाही करत हेच नशीब.

नोकरी पालिकेची, नाल्यावरच्या पंपघरात. हे पंपघर काय करतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या सगळ्या वस्तीचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी नाल्यातून नदीला जातं. नदीच्या काठी बांध आहे आणि नाला जिथे बांधातून बाहेर पडतो तिथे लोखंडी दरवाजा. एरवी तो उघडा. नदी चढली की दरवाजा खाली पाडायचा, म्हणजे नदी उलटी आत येत नाही. पण दरवाजा पाडला की आतलं पाणी तुंबतं, म्हणून त्याच मिनिटाला पंप सुरू करायचा आणि आतलं पाणी बांधावरून पलीकडे फेकायचं. एकाने दरवाजा पाडायचा, दुसऱ्याने पंप चालू करायचा. बस्स. दोन जावांना स्वयंपाकघरात याहून अवघड कामं करावी लागतात.

पण पंप पालिकेचा आणि दरवाजा नदी खात्याचा. इथेच घोडं अडलं.

पंपघरात भाऊजी आणि तीस पावलांवर दरवाज्याच्या खोलीत नदी खात्याचा माणूस. त्यांना सगळे दरवाजेदादा म्हणतात. दोघांच्या मध्ये तारेचं कुंपण, कारण दोन खात्यांच्या हद्दी तिथे मिळतात. कुंपणाला फाटक नाही. फाटक कोणी बसवायचं हे ठरलं नाही, म्हणून ते बसलंच नाही. रोज दुपारी एक वाजता भाऊजी अलीकडे स्टूल टाकतात, दादा पलीकडे, आणि दोघे कुंपणावरून एकमेकांच्या डब्यातलं खातात. वर्तमानपत्र एकच, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दादांच्या मुलीचं लग्न, भाऊजींचा गुडघा, सगळं बोलून होतं. कामाचं तेवढं बोलायचं नाही. कामाचं पत्राने. भाऊजींचं पत्र आधी त्यांच्या साहेबांकडे, तिथून मोठ्या कार्यालयात, तिथून नदी खात्याच्या मोठ्या कार्यालयात आणि मग उतरत उतरत दादांच्या खोलीत. तीस पावलांना तेवीस दिवस. मी मोजलेत.

"अहो, तोंडाने सांगून टाका की!" मी एकदा वैतागून म्हटलं.

"तोंडी सूचनेची नोंद कशी होणार?" भाऊजी म्हणाले, आणि तेही अगदी मनापासून, म्हणून तर चिडायचीही सोय नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आमची गल्ली सगळ्या वस्तीत खाली आहे. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत आई आणि मी. उंबऱ्यापासून गटार तीन पायऱ्या. पहिल्या पुराच्या दिवशी, चार वर्षांपूर्वी, भर दुपारी ते पाणी पायऱ्या चढून उंबऱ्यावरून आत आलं. माझी तीन यंत्रं बुडाली, गिऱ्हाइकांचे कपडे तरंगले, आणि आई टेबलावर चढायला गेली ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत हलवलेल्या पलंगावरून खिडकी, दार आणि त्यातून गल्ली, एवढंच जग बघते.

झालं होतं असं. दोन्ही खात्यांची जन्मात एकदा एकत्र बैठक झाली होती आणि तिच्यात ठरलं होतं, "पातळी आठ फूट झाल्यावर दरवाजा बंद व पंप सुरू." दोन्ही साहेबांनी सह्या केल्या, चहा झाला, फोटो झाला. त्या दिवशी भाऊजींच्या भिंतीवरच्या पट्टीवर पाणी आठाला टेकलं. भाऊजींनी घड्याळ बघितलं, नोंद केली, पंप सुरू केला. दरवाजा मात्र उघडाच! भाऊजी कुंपणाशी धावले. "दरवाजा पाडा!"

"साडेचारच झालेत!" पलीकडून दादा ओरडले. "आठ झाल्याशिवाय हात लावता येत नाही मला!"

भाऊजी परत पट्टी बघून आले. "आठ आहेत हो!"

"साडेचार!"

अडीच तास हे चाललं होतं. अडीच तास आमच्या भाऊजींनी नदीचं पाणी उचलून नदीत टाकलं आणि ते उघड्या दरवाज्यातून पुन्हा त्यांच्याकडे आलं. तेच पाणी. शेवटी शेवटी ते त्यांना ओळखायलाही लागलं असेल. दादांच्या पट्टीवर आठ झाले तेव्हा दादांनी आणि त्यांच्या मदतनिसाने चटकन दरवाजा पाडला. तोवर आमच्याकडे पलंगाच्या गादीपर्यंत पाणी होतं.

दवाखान्यात भाऊजी आले, ओले कपडे, हातात नोंदवही तशीच. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जावईबापू, ते तुमचं कुंपण केवढं उंच आहे?"

दुसरा कोणी असता तर सहा फूट म्हणाला असता, काटेरी म्हणाला असता. आमचे भाऊजी! हाताने कमरेशी खूण करून म्हणाले, "एवढं. कमरेएवढं."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताईने घरी न्यायचा हट्ट धरला, तर म्हणाली, "त्या माणसाच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही," आणि पुन्हा याच घरात येऊन पडली. भाऊजी दर रविवारी ताईला सोडायला येत, उंबऱ्याबाहेर उभे राहत, "येतो आई" म्हणत आणि जात. आत बोलावलं नव्हतं ना! मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी यंत्र जोरात चालवते.

मग चौकशी समिती बसली. ती सात वेळा बसली आणि तिने लिहिलं की दोन्ही खात्यांनी नियमानुसार काम केलं. दोन्ही पट्ट्यांवर तज्ज्ञाचं मत मागवलं. तज्ज्ञाने तिसरी पट्टी बसवायला सांगितली. ती बसली. ती वरून खाली मोजते.

दीड वर्षाने एकदा ताईला ताप होता म्हणून भाऊजींचा डबा मी घेऊन गेले. जन्मात पहिल्यांदा मी ती भिंत बघितली. एका बाजूला पालिकेची पांढरी पट्टी, पलीकडे नदी खात्याची पिवळी. पाणी तेच, आणि पांढरी म्हणते पाच, पिवळी म्हणते दीड.

"भाऊजी, ही पांढरी कुठून सुरू होते?"

"नाल्याच्या तळापासून."

"आणि दादा, तुमची पिवळी?"

"समुद्राच्या पातळीवरून काहीतरी हिशेब आहे," दादा घास चावत म्हणाले. "वरून आलेली आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "अहो, मी बाई साधं पोलकं शिवते! पण माप सांगताना टेप कुठून धरला ते आधी विचारते. खांद्यापासून की मानेपासून! तुम्ही दोघं इतकी वर्षं एका डब्यात जेवता, आणि कोणाचा आठ ते विचारलं नाहीत?"

"विचारलं होतं," भाऊजी म्हणाले. त्यांनी कपाटातून फाइल काढली. पुरानंतर आठव्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं होतं, 'आपली पट्टी कोठून सुरू होते ते कळवावे.' उत्तर सातव्या महिन्यात आलं होतं, 'सदर माहिती देण्याचे अधिकार या कार्यालयास नाहीत.' खाली सही दादांची. दादा डब्यात बघू लागले.

"आम्ही साहेबांना सांगितलं," भाऊजी हळूच म्हणाले. "दोघांनीही. पण पालिकेची पट्टी बदलली तर आजवरच्या सगळ्या नोंदी चुकीच्या ठरतात. नदी खात्याची बदलली तर त्यांच्या." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला, पण खाल्लं नाही. मग म्हणाले, "तुमच्या उंबऱ्याला पाणी केव्हा लागतं ते या दोन्ही पट्ट्यांवर नाही. मला तेवढंच कळायला हवंय."

त्या वाक्याने मी गप्प झाले. ताईला विचारा, हे किती वेळा घडतं ते.

पुढचे तीन रविवार आमच्या गल्लीने फुकटचा तमाशा बघितला. गल्लीतल्या गवंड्याकडून भाऊजींनी पाण्याची नळी आणली. नळीची दोन टोकं कितीही लांब नेली तरी आतलं पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावर गवंडी भिंती सरळ करतात. एक टोक आमच्या उंबऱ्याशी, दुसरं विजेच्या खांबाशी, तिथे खडूची खूण. मग खांबापासून बेकरीच्या भिंतीला, बेकरीपासून पुलाच्या कठड्याला, असं करत करत नाल्यापर्यंत. दादाही सुटीच्या दिवशी आले होते. दोन प्रौढ गृहस्थ नळीचं एकेक टोक डोळ्यांसमोर धरून "तुमचं स्थिर झालं का?" असं एकमेकांना विचारत होते. शेवटी नळी कुंपणावरून पलीकडे दिली. नळी कोणत्याच खात्याची नोकर नव्हती, तिला ओलांडायला बंदी नव्हती.

पहिल्या रविवारी आई खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, "माझ्या उंबऱ्याशी वाकून काय करतोय तो?"

"माप घेतोय."

"माप घ्यायला दीड वर्ष लागलं?" असं म्हणून तिने पडदा ओढला. पण पुरता ओढला नाही.

उंबऱ्याची पातळी भिंतीवर मिळाली. पण भिंतीवर रंग लावायचा तर परवानगी हवी, आणि भिंत अर्धी याची, अर्धी त्याची. भाऊजी कपाळाला आठ्या घालून बसले. तेव्हा मी पिशवीतून लाल कापडाची पट्टी काढली. नाल्यात उतरायला भिंतीला एक जुनी लोखंडी शिडी आहे. ती दोन्ही खात्यांच्या आधीची. कोणाच्याच यादीत नाही. उंबऱ्याच्या पातळीखाली दोन फुटांवर येणाऱ्या शिडीच्या पायरीला मी ती पट्टी दुहेरी टाके घालून बांधली. "पाणी इथे टेकलं की तुमचे आकडे गेले खड्ड्यात," मी म्हटलं. "दरवाजा आणि पंप."

"तसा आदेश नाही," दोघे एकदम म्हणाले.

"आदेश मला नको. तुम्हाला समजलं ना?"

दोघांनी मान हलवली. आणि गंमत बघा, सहा महिन्यांनी दोन्ही खात्यांची तपासणी झाली. पालिकेच्या साहेबांना वाटलं चिंधी नदी खात्याची, नदी खात्याच्या साहेबांना वाटलं पालिकेची. दुसऱ्याची वस्तू काढायची तर पत्र लिहावं लागतं. म्हणून ती राहिली. ज्या रोगाने आम्हाला बुडवलं त्यानेच माझी चिंधी वाचवली.

यंदा नदी पुन्हा चढली. सकाळी दहापासून आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. बारा वाजता गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी झालं. मी गाडी बोलावली तर गाडीवाला वळणावरूनच परत गेला. आईला उचलायला शेजारचे दोघे आले, पण ती पलंगाची कड धरून बसली. "चार वर्षांपूर्वी हलायला गेले तेव्हा माझं काय झालं? नाही जायचं मला!" पाणी पहिल्या पायरीवर आलं. मी कपडे कपाटावर टाकले, यंत्रं टेबलावर चढवली आणि आईच्या शेजारी बसले. पाणी दुसरी पायरी चढलं तसं मी भाऊजींना मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

पंपघरात काय झालं ते मला दादांनी सांगितलं. भाऊजी कशाला सांगतील?

पाणी चिंधीला टेकलं तेव्हा पांढऱ्या पट्टीवर सात होते, पिवळीवर साडेतीन. तिसऱ्या, वरून मोजणाऱ्या पट्टीचं कोणाला काही कळत नव्हतं. भाऊजींनी साहेबांना फोन लावला, लागला नाही. दादांनी त्यांच्या साहेबांना लावला, ते म्हणाले, "पिवळीवर किती? मग थांबा." दादांनी फोन ठेवला आणि दरवाज्याच्या चाकाला हात घातला. चाक हलेना. ते फिरवायला दोन माणसं लागतात, आणि दादांच्या मदतनिसाची जागा दोन वर्षं रिकामी. भरायचा प्रस्ताव गेलेला आहे.

"हलत नाही हो!" दादा ओरडले.

भाऊजी कुंपणाशी आले. परवानगीशिवाय दुसऱ्या खात्याच्या यंत्राला हात लावला तर निलंबन, हे त्यांच्या खोलीत पाटीवर लिहिलेलं आहे, आणि ती पाटी रोज पुसणारा माणूस हाच. निवृत्तीला आठ महिने. दादा म्हणाले, "मी बघत होतो. त्यांनी दोन्ही हात तारेवर ठेवले आणि इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर लाल दिव्यापाशी बघतात तसं. मला वाटलं, आता हे थांबणार."

थांबले नाहीत. सत्तावन्न वर्षांच्या त्या माणसाने दुखरा गुडघा वर घेतला आणि तारेवर टांग टाकली. विजार अडकली, मांडीपासून पोटरीपर्यंत टर्रकन फाटली. तसेच पलीकडे पडले, उठले आणि चाकाला लागले. दोघांनी मिळून एकशे चाळीस फेरे फिरवले. दरवाजा बसला. मग भाऊजी पुन्हा कुंपण ओलांडून अलीकडे आले आणि पंप सुरू केला. आणि मग, दादा शपथेवर सांगतात, नोंदवहीत वेळ लिहिली.

आमच्याकडे पाणी तिसऱ्या पायरीवर चढलं. उंबरा चार बोटं राहिला. मी आईचा हात घट्ट धरला. पाणी तिथेच राहिलं. किती वेळ राहिलं कोण जाणे. मग आईच म्हणाली, "बघ गं, दुसरी पायरी दिसतेय." मी रडले. उगाच नाही सांगत, हुंदके देऊन रडले.

संध्याकाळच्या आत भाऊजी ताईला घेऊन आले. चिखलाने भरलेले, एका हाताने फाटकी विजार आवळून धरलेली. नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. उंबरा कोरडा होता. त्यांनी खाली वाकून त्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"येतो आई," ते म्हणाले.

आई पलंगावरून त्यांच्या विजारीकडे बघत होती. "कुठे फाटली?"

चार वर्षांनी ती त्यांच्याशी बोलली होती.

"कुंपणावर," भाऊजी म्हणाले.

आईने ती फाट मांडीपासून पोटरीपर्यंत नीट बघून घेतली. मग मला म्हणाली, "तोंडाकडे काय बघतेस? त्यांना आत घे, चादर दे गुंडाळायला आणि ती विजार शिव. तारेवर फाटलेलं आहे, आतून तुकडा लाव, नाहीतर नुसती टीप घालशील." मग भाऊजींकडे न बघताच, "चहा घ्याल?"

"मिळू शकेल का?" आमचे भाऊजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दोन्ही खात्यांनी आपापल्या साहेबांचं अभिनंदन केलं, आणि भाऊजींना नोटीस आली. 'आपण दिनांक अमुक रोजी विनापरवानगी हद्दीचे कुंपण ओलांडले, याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' भाऊजींचा चेहरा उतरला. रविवारी ते आईच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसले, आता तिथेच बसतात, आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागले. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' इथवर आले आणि पेन अडलं. सहा कागद चुरगळले. ताई म्हणाली माफी मागा, मी म्हटलं वकील करा.

आई उशीला टेकून ऐकत होती. "द्या इकडे," ती म्हणाली. चष्मा लावून तिने नोटीस दोनदा वाचली आणि परत केली.

"मी सांगते ते लिहा, जावईबापू. लिहा, कुंपण कमरेएवढं होतं. आणि खाली सही करा."

भाऊजींनी लिहिलं. सही केली. मग सवयीने वर बघून विचारलं, "आणि तारीख?"

"घाला," आई म्हणाली.